वसाहतकालीन देहविक्रय व्यवसायातील स्त्रियांची हिंसा आणि तिची सामाजिक कारणे : कलकत्ता (१८८४) व मुंबई (१९१७) येथील दोन प्रकरणांच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतातील वेश्याव्यवसायाच्या इतिहासलेखनात स्त्री ही प्रामुख्याने हिंसेची बळी म्हणून येते. विक्री, फसवणूक, कोंडून ठेवणे, मारहाण, रोग आणि अकाली मृत्यू या क्रमाने तिचे जीवन मांडले जाते व ते बहुतांशी वास्तवाला धरूनच आहे. तथापि या व्यवसायातील काही स्त्रियांनी स्वतः गंभीर स्वरूपाची हिंसा केली, हेही वसाहतकालीन पोलीस व न्यायालयीन कागदपत्रांतून दिसून येते. या हिंसेचा विचार करताना अभ्यासक बहुधा दोन टोकांना जातात. एका टोकाला अशी स्त्री ‘जन्मजात दुष्ट’ ठरते. दुसऱ्या टोकाला ती केवळ परिस्थितीच्या हातातील बाहुली ठरते. दोन्ही भूमिकांमध्ये इतिहासाला महत्त्वाचा असणारा प्रश्न मागे पडतो. तो प्रश्न असा की, ही हिंसा नेमकी कोणावर झाली आणि ती तेथेच का झाली?

प्रस्तुत शोधनिबंधात दोन प्रकरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पहिले प्रकरण कलकत्त्यातील त्रैलोक्य या स्त्रीचे असून तिला १८८४ मध्ये खुनाबद्दल फाशी देण्यात आली. दुसरे प्रकरण मुंबईतील डंकन रोडवरील कुंटणखान्यात १९१७ मध्ये झालेल्या अकूताई या स्त्रीच्या खुनाचे आहे. त्यातील तीन आरोपींपैकी दोन स्त्रिया होत्या. दोन्ही प्रकरणांत तीस-पस्तीस वर्षांचे अंतर आहे. शहरे, भाषा आणि गुन्ह्याची पद्धतही वेगळी आहे. परंतु एक गोष्ट समान आहे. ज्या स्त्रियांचे प्राण गेले त्या याच व्यवसायातील होत्या. ज्या समाजाने या स्त्रियांना वस्तीबाहेर ढकलले, ज्या पुरुषांनी त्यांना फसविले, त्यांच्यावर या हिंसेचा रोख क्वचितच वळला. तो वळला शेजारच्या खोलीतील स्त्रीवर. या दिशेचे स्पष्टीकरण देणे हा या निबंधाचा मुख्य हेतू होय.

उद्दिष्टे

१) देहविक्रय व्यवसायातील स्त्रियांनी केलेल्या हिंसेची सामाजिक, आर्थिक व कायदेशीर पार्श्वभूमी तपासणे.
२) या हिंसेची दिशा व्यवसायातील अन्य स्त्रियांकडेच का राहिली, याची मीमांसा करणे.
३) वसाहतकालीन कायद्याने या स्त्रियांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले व त्याचा हिंसेशी कोणता संबंध होता, हे स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती व साधनांच्या मर्यादा

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून माहितीसाठी प्रामुख्याने दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. सुमंत बॅनर्जी यांचा एकोणिसाव्या शतकातील बंगालमधील वेश्यांविषयीचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आणि मुंबईच्या संदर्भात अश्विनी तांबे यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

त्रैलोक्यसंबंधीचे मुख्य साधन म्हणजे कलकत्ता पोलिसांच्या गुप्तचर विभागातील अधिकारी प्रियनाथ मुखोपाध्याय यांचे लेखन. १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ या नावाने त्यांच्या तपासकथा प्रसिद्ध होऊ लागल्या व त्या वाचकप्रिय झाल्या. त्रैलोक्यची हकिकत तिच्याच तोंडून सांगितल्याच्या रूपात त्यात येते. मात्र ती लिहिणारा हात पोलीस अधिकाऱ्याचा आहे, वाचक भद्रलोक वर्गातील आहे आणि हकिकत सांगणारी स्त्री फाशीच्या छायेत आहे. त्यामुळे तिच्या पश्चात्तापाचा सूर कितपत तिचा व कितपत लेखकाचा, हे वेगळे करणे शक्य नाही. येथे हकिकतीतील भावनेपेक्षा घटनाक्रमाला आणि त्यातून सहजपणे उघड होणाऱ्या सामाजिक तपशिलांना अधिक महत्त्व दिले आहे. अकूताईच्या प्रकरणात खटल्यातील साक्षी हे साधन आहे. त्या साक्षी त्याच कुंटणखान्यातील स्त्रियांनी दिलेल्या आहेत. तेथेही शब्द न्यायालयाच्या चौकटीतून आलेले आहेत, हे लक्षात ठेवावे लागते.

वैधव्य, कुलीनप्रथा आणि कलकत्ता शहर

प्रियनाथांच्या कथनानुसार त्रैलोक्य ही बरद्वान (वर्धमान) भागातील ब्राह्मण कुटुंबात जन्मली. बालवयात तिचा विवाह एका वयोवृद्ध कुलीन ब्राह्मणाशी झाला. या पतीला अन्य अनेक पत्नी होत्या. त्रैलोक्य माहेरीच राहिली आणि थोड्याच काळात विधवा झाली. पुढे एका वयस्क वैष्णवीच्या मध्यस्थीने तिचा एका पुरुषाशी संबंध आला. त्याच्याबरोबर ती कलकत्त्यास आली आणि अखेरीस सोनागाछी वस्तीत स्थिरावली.

या वाटेत अपवादात्मक असे काहीही नव्हते. बंगालमधील कुलीनप्रथेनुसार उच्च कुलातील ब्राह्मण पुरुष अनेक विवाह करीत व पत्नींना त्यांच्या माहेरी ठेवीत. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८७१ मध्ये बहुविवाहाविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकात हुगळी जिल्ह्यातील कुलीनांची यादीच दिली. त्यात ५५ वर्षांच्या एका कुलीनाच्या नावापुढे ८० पत्नींची नोंद आहे. असा एक पुरुष मरण पावला म्हणजे एकाच दिवशी अनेक घरांत वैधव्य येत असे. त्या विधवांपैकी अनेकींनी पतीचे घर पाहिलेलेही नसे.

१८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरविला होता. तथापि पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीला पूर्वपतीच्या मालमत्तेतील हक्क सोडावा लागे आणि उच्चवर्णीय समाजात असे विवाह अत्यंत थोडे झाले. कायदा झाला, परंतु मार्ग खुला झाला नाही. माहेरच्या घरात अन्नवस्त्रासाठी भावाच्या व भावजयीच्या मर्जीवर राहणे, अथवा काशी-वृंदावनास जाणे, अथवा शहराची वाट धरणे, एवढेच पर्याय उरत. १८५३ मध्ये कलकत्त्याच्या मुख्य दंडाधिकाऱ्याने शहरातील वेश्यांची संख्या १२,४१९ असल्याचे नमूद केले. त्यांत हिंदू स्त्रिया बहुसंख्य होत्या व कुलीन घराण्यांतील स्त्रियाही होत्या. १८६७ पर्यंत आरोग्य अधिकाऱ्यांच्या अंदाजानुसार हा आकडा ३०,००० च्या पुढे गेला. या गणनांची अचूकता संशयास्पद असली, तरी प्रशासनाला या स्त्रियांच्या पूर्वायुष्याची, विशेषतः त्यांच्या वैधव्याची, कल्पना होती, हे त्यातून स्पष्ट होते.

भाषेची साक्षही येथे उपयोगी पडते. मराठीत ‘रांड’ या शब्दाचे विधवा आणि वेश्या असे दोन्ही अर्थ होतात. बंगालीतही या शब्दाचे तेच दोन अर्थ आहेत. पतीविना असलेली स्त्री आणि अनेक पुरुषांची मानली गेलेली स्त्री यांच्यासाठी समाजाने एकच शब्द वापरला. विधवेने घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच भाषेने तिची पुढची जागा ठरवून ठेवली होती.

त्रैलोक्यचे प्रकरण : कर्ज, वय आणि सोने

सोनागाछीत आरंभीची काही वर्षे त्रैलोक्यची भरभराट झाली. पुढे कालीबाबू नावाच्या विवाहित गृहस्थाशी तिचा संबंध जुळला व तो कायम राहिला. वय वाढू लागताच तिची मिळकत घटली. कालीबाबूकडेही उत्पन्नाचे साधन नव्हते. येथून दोघांच्या गुन्ह्यांना प्रारंभ झाला. आरंभीचे गुन्हे फसवणुकीचे होते. नवऱ्याकडून पैसे घेऊन भलत्याच मुलीला कुलवंत वधू म्हणून उभे करणे व नंतर तिच्यासह पसार होणे, हा त्यांपैकी एक प्रकार होय. ज्या विवाहव्यवस्थेने त्रैलोक्यला एका अनोळखी वृद्धाच्या पदरी घातले, त्याच व्यवस्थेतील व्यवहाराचा हा उफराटा वापर होता. पुढे दागिन्यांच्या व्यवहारातील एका माणसाला घरी बोलावून त्याचा खून झाला. त्या गुन्ह्यात कालीबाबूला फाशी झाली व त्रैलोक्य पुराव्याअभावी सुटली.

कालीबाबूनंतर तिच्या गुन्ह्यांचे स्वरूप बदलले. वस्तीतील दागिने बाळगणाऱ्या स्त्रियांशी ती स्नेह जोडी. मानिकतला भागातील एका बागेत एक सिद्ध गुरू असून त्याच्या कृपेने संपत्ती वाढते, मनोरथ पूर्ण होतात, असे ती सांगे. सर्व अलंकार घालून दर्शनास यावे व आधी बागेतील तळ्यात स्नान करावे, अशी अट असे. निर्जन तळ्यावर गेल्यावर ती त्या स्त्रीला पाण्यात बुडवी. अशा रीतीने पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. सहाव्या स्त्रीचा आरडाओरडा ऐकून लोक धावून आल्याने ती वाचली. त्रैलोक्यला अटक झाली, परंतु पुरेशा पुराव्याअभावी ती पुन्हा सुटली. अखेर चितपूर भागात तिच्याच घरात राहणाऱ्या राजकुमारी नावाच्या स्त्रीच्या खुनात ती सापडली. पाच स्त्रियांच्या मृत्यूबद्दल तिला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली ती राजकुमारीच्या खुनाबद्दल.

या घटनाक्रमातील तीन बाबी विशेष विचारात घेण्याजोग्या आहेत.

पहिली बाब वयाची. अन्य व्यवसायांत वयाबरोबर अनुभव व मान वाढतो. या व्यवसायात वयाबरोबर मिळकत घटते. उतारवयातील स्त्रीसमोर घरवाली होऊन अन्य स्त्रियांच्या मिळकतीवर जगणे, मोलकरीण होणे किंवा भीक मागणे, एवढेच मार्ग असत. माहेर तुटलेले, सासर कधी नव्हतेच, जात व देवालयही तुटलेले, अशा स्त्रीला आधार देणारी संस्था उपलब्ध नव्हती. त्रैलोक्यने गुन्ह्याची वाट धरली तो काळ तिची मिळकत घटण्याचा होता, हा योगायोग मानता येत नाही.

दुसरी बाब सोन्याची. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीची बचत तिच्या अंगावर असे. जमीन घेणे, सावकारी करणे किंवा नातेवाइकाकडे ठेव ठेवणे यांसाठी लागणारा विश्वासाचा गोतावळा तिला नव्हता. त्यामुळे मिळकतीचे रूपांतर दागिन्यांत होई. दागिने हे तिचे भांडवल, तिचा विमा आणि तिच्या व्यवसायाची जाहिरातही होती. ज्या काळात संपत्ती देहावरून काढता येते, त्या काळात देहच लुटीचे ठिकाण होतो. कोणाकडे किती सोने आहे, ते कोठे ठेवले जाते आणि तिची चौकशी करणारे कोण आहे, याची पूर्ण माहिती त्याच वस्तीतील स्त्रीला असणार, हे उघड आहे.

तिसरी बाब श्रद्धेची. संपत्ती वाढविणाऱ्या गुरूच्या आमिषाला या स्त्रिया बळी पडल्या, याचे कारण केवळ अंधश्रद्धा नव्हे. व्यवसायातून बाहेर पडण्याचा कोणताही लौकिक मार्ग नसलेल्या स्त्रीला अलौकिक मार्ग शक्य वाटतो. त्रैलोक्यने नेमक्या याच आशेचा वापर केला, कारण ती आशा तिने स्वतः अनुभवलेली होती.

‘चौदावा कायदा’ आणि बेपत्ता स्त्रिया

पाच स्त्रिया एकामागून एक नाहीशा होतात आणि शहरात त्याची दखल घेतली जात नाही, हे कसे घडले? याचे उत्तर तत्कालीन कायद्यात शोधावे लागते. १८६८ चा चौदावा अधिनियम, म्हणजेच सांसर्गिक रोगांचा कायदा, कलकत्त्यात १८६९ पासून अमलात आला. बंगाली लोकांत तो ‘चौद्दो आइन’ या नावानेच ओळखला गेला. ब्रिटिश सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचविण्याचा विचार या धोरणाच्या मुळाशी होता. वेश्यांची पोलिसांकडे नोंदणी, ठरावीक मुदतीने सक्तीची वैद्यकीय तपासणी, रोगी आढळल्यास इस्पितळात डांबणे आणि नोंदणी टाळल्यास शिक्षा, अशी त्याची रूपरेषा होती. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू होऊन १८७२ मध्ये स्थगित झाला व १८८० मध्ये पुन्हा लागू झाला. कलकत्त्यात १८८३ मध्ये त्याची अंमलबजावणी थांबली आणि १८८८ मध्ये तो रद्द करण्यात आला.

या कायद्याच्या धाकाने कलकत्त्यातील अनेक स्त्रिया शहर सोडून गेल्या. काहींनी जवळच्या फ्रेंच अमलाखालील चंदननगरचा आश्रय घेतला. म्हणजे वस्तीतून स्त्री नाहीशी होणे ही त्या काळात नित्याची गोष्ट झाली होती. ती गेली तर नोंदणी चुकविण्यासाठी पळाली, असाच समज होण्यास पूर्ण जागा होती. त्रैलोक्यच्या बळींच्या बाबतीत हेच घडले असावे, असा तर्क करता येतो. या स्त्रियांच्या वतीने तक्रार घेऊन येणारे वडील, भाऊ अथवा पती नव्हते. राज्यसंस्थेकडे त्यांच्या नावांच्या नोंदवह्या होत्या, परंतु त्या वह्यांचा उपयोग रोग शोधण्यासाठी होता, माणूस शोधण्यासाठी नव्हता. पोलीस दारी येई तो तपासणीची तारीख चुकल्याबद्दल पकडण्यासाठी. अशा पोलिसाकडे मैत्रीण हरवल्याची तक्रार घेऊन जाण्याचे धैर्य कोण करणार?

राजकुमारीच्या खुनाचा छडा लागला तोही याच कायदेव्यवस्थेच्या मर्यादेत. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ अन्वये पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. परंतु कलम २७ अन्वये आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाल्यास माहितीचा तेवढा भाग ग्राह्य होता. त्यामुळे चोरलेले दागिने मिळणे आवश्यक होते. त्रैलोक्यने कालीबाबूच्या हरी नावाच्या मुलाचा स्वतःच्या मुलाप्रमाणे सांभाळ केला होता. त्या मुलालाच खुनाच्या आरोपात अडकविल्याचा देखावा प्रियनाथांनी केला. त्याला वाचविण्यासाठी तिने गुन्हा कबूल केला व दागिने काढून दिले. पाच-सहा स्त्रियांचा प्राण घेणारी स्त्री परक्याच्या मुलासाठी फाशी पत्करते, हा तपशील प्रियनाथांनी आपल्या चातुर्याचा पुरावा म्हणून दिला आहे. आजच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. ‘जन्मजात गुन्हेगार स्त्री’ या कल्पनेत हा तपशील बसत नाही. १८९३ मध्ये लोंब्रोसो व फेरेरो या इटालियन लेखकांनी गुन्हेगार स्त्री व वेश्या यांना एकाच शारीरिक-मानसिक विकृतीची रूपे ठरविले आणि अशा स्त्रीत मातृभावनेचा अभाव असतो असे मानले. त्रैलोक्य पकडली गेली ती नेमकी मातृभावनेमुळे.

महाराष्ट्रातील समकालीन विचार

त्रैलोक्यला फाशी झाली त्याच वर्षी, म्हणजे १८८४ मध्ये, मुंबईत बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे प्रसिद्ध केली आणि देशभर वादाला तोंड फुटले. त्यांवर महात्मा जोतीराव फुले यांनी डिसेंबर १८८४ मध्ये आपले मत नोंदविले. त्यात त्यांनी काशीबाई या ब्राह्मण विधवेची हकिकत दिली. लोकलज्जेपोटी नवजात अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल तिला अंदमानात काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. या घटनेनंतर १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली व ती पुढे सौम्य करण्यात आली. त्यावरील चर्चेच्या संतापातून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले.

अर्भकहत्या आणि दागिन्यांसाठी केलेले खून यांची नैतिक तोलणी एकच नव्हे. तथापि फुले दांपत्याच्या कृतीतून मिळणारा विचार येथे मोलाचा आहे. त्यांनी काशीबाईच्या गुन्ह्याचे समर्थन केले नाही. तो गुन्हा ज्या कोंडीतून जन्मला ती कोंडी फोडणारे घर त्यांनी उभे केले. कारणमीमांसा म्हणजे दोषमुक्ती नव्हे, तर पुढील बळी वाचविण्याची पूर्वतयारी होय, हे त्यांच्या कार्यातून दिसते. प्रस्तुत निबंधातील ‘सामाजिक कारणे’ हा शब्दप्रयोग याच अर्थाने घेतला आहे.

अकूताईचे प्रकरण : घरवालीची हिंसा

१९१७ मधील मुंबईच्या प्रकरणात हिंसेचे वेगळे रूप दिसते. डंकन रोडवरील कुंटणखाना एक पुरुष व दोन स्त्रिया मिळून चालवीत होते. तेथील स्त्रियांवर सतत पहारा असे व त्या अक्षरशः बंदिवासात होत्या. कपडे, दागिने, उसनी रक्कम यांपोटी त्यांच्या नावावर कर्ज चढविलेले असे व ते कधी फिटत नसे. अकूताई आजारी असतानाही तिच्यावर धंद्याची सक्ती झाली. तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला. तिला पकडून परत आणण्यात आले आणि मारहाण, चटके अशा अमानुष छळात तिचा अंत झाला. हा छळ अन्य स्त्रियांच्या डोळ्यांसमोर झाला. त्याच स्त्रियांच्या साक्षींवर खटला उभा राहिला.

येथे हिंसा करणाऱ्या स्त्रिया व्यवस्थापनाच्या जागी होत्या. कुंटणखान्यात घरवालीची भूमिका दुहेरी असते. मालकासमोर ती जबाबदार असते आणि खोलीतील स्त्रियांसमोर तीच सत्ता असते. या व्यवसायात वयस्क स्त्रीला टिकून राहावयाचे असेल तर दुसरीच्या श्रमावर ताबा मिळविणे हा सर्वांत सुलभ मार्ग असतो. कर्ज ही या ताब्याची दोरी होय. कर्जदार स्त्री पळाली म्हणजे केवळ एक रक्कम बुडत नाही, तर अन्य स्त्रियांनाही पळण्याची वाट दिसते. म्हणून पळून जाणाऱ्या स्त्रीला इतरांसमोर शिक्षा देणे हे या अर्थव्यवस्थेचे शिस्तीचे साधन बनते. अकूताईवरील अत्याचार क्षणिक रागातून झाला नाही. तो पाहणाऱ्या स्त्रियांसाठीही होता.

याही ठिकाणी राज्यसंस्थेची अनास्था महत्त्वाची ठरते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई पोलिसांचे लक्ष प्रामुख्याने युरोपीय वेश्यांकडे होते. गोऱ्या स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध १९०४ व १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाले होते आणि परदेशी दलालांना हद्दपार करण्याची कारवाई होत असे. भारतीय स्त्रियांना कोंडून ठेवणारे कुंटणखाने मात्र भरवस्तीत निर्वेध चालत. भारतीय दंडसंहितेत अल्पवयीन मुलींच्या विक्री-खरेदीविरुद्ध कलम ३७२ व ३७३ होती आणि कोणालाही बेकायदा डांबून ठेवणे हाही गुन्हा होता. म्हणजे कायदा नव्हता असे नाही. डंकन रोडवरील प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तो वापरण्याची गरज कोणाला वाटली नाही. अकूताईच्या मृत्यूनंतर वृत्तपत्रांतून व समाजसुधारकांकडून टीका झाली, त्यानंतर चौकशी समिती नेमली गेली आणि १९२३ मध्ये मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा संमत झाला. तथापि या कायद्याने रस्त्यावर गिऱ्हाईक बोलाविणाऱ्या स्त्रीलाही गुन्हेगार ठरविले. एका स्त्रीच्या छळाच्या निमित्ताने झालेल्या चर्चेची परिणती तशाच अन्य स्त्रियांवरील पोलिसी अधिकार वाढण्यात झाली.

तुलनात्मक मीमांसा

दोन्ही प्रकरणे एकत्र पाहता हिंसेच्या कारणांचे तीन स्तर दिसतात. पहिला स्तर प्रवेशाचा आहे. यात वैधव्य, बालविवाह, दारिद्र्य व फसवणूक ही स्त्रीला व्यवसायात आणणारी कारणे येतात. परंतु ही कारणे हजारो स्त्रियांना लागू होती व त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांनी कोणाचाही जीव घेतला नाही. म्हणून केवळ या कारणांनी हिंसेचे स्पष्टीकरण होत नाही.

दुसरा स्तर व्यवसायाच्या अंतर्गत रचनेचा आहे. वयाबरोबर घटणारी मिळकत, अंगावरील सोन्यात अडकलेली बचत आणि न फिटणारे कर्ज यांमुळे एका स्त्रीचे भवितव्य दुसरीच्या नुकसानीशी जोडले जाते. त्रैलोक्यने दुसरीचे सोने घेतले, डंकन रोडवरील घरवालींनी दुसरीचे श्रम घेतले. हिंसेची दिशा या रचनेने ठरविली.

तिसरा स्तर दंडमुक्तीचा आहे. व्यवसायातील स्त्रीला मारले तर विचारणारा कोणी नाही, ही जाणीव या हिंसेची पूर्वअट होती. त्रैलोक्यने पुरुषाचा खून केला तेव्हा कालीबाबू फासावर गेला. पाच वेश्यांच्या मृत्यूनंतर मात्र ती मोकळीच राहिली. या फरकातून तिने घेतलेला धडा क्रूर होता, पण तो तिला समाजाने व कायद्यानेच शिकविला होता.

या विवेचनातून व्यक्तीची जबाबदारी नाहीशी होत नाही. राजकुमारी, अकूताई आणि तळ्यात बुडविल्या गेलेल्या स्त्रिया याही त्याच परिस्थितीच्या बळी होत्या. हिंसा करणारीच्या परिस्थितीचा विचार करताना जिच्यावर हिंसा झाली तिला विसरणे हा दुसरा अन्याय ठरेल. सामाजिक कारणे कृतीची संधी व दिशा स्पष्ट करतात. कृतीचा निर्णय मात्र व्यक्तीचा राहतो.

निष्कर्ष

१) देहविक्रय व्यवसायातील स्त्रियांनी केलेली हिंसा ही त्या स्त्रियांच्या ‘स्वभावाचा’ परिणाम नसून व्यवसायाची अर्थरचना आणि कायद्याची अनास्था यांच्या संयोगातून ती शक्य झाली.

२) अभ्यासलेल्या दोन्ही प्रकरणांत या हिंसेची झळ त्याच व्यवसायातील स्त्रियांना बसली, कारण त्यांची संपत्ती व श्रम हाताशी होते आणि त्यांना संरक्षण नव्हते.

३) वसाहतकालीन राज्यसंस्थेने या स्त्रियांची नोंद रोगाच्या संदर्भात घेतली, नागरिक म्हणून घेतली नाही. १८६८ व १९२३ या दोन्ही कायद्यांत स्त्रीवरील नियंत्रण वाढले, सुरक्षितता त्या प्रमाणात वाढली नाही.

४) कारणे संरचनात्मक असतील तर उपायही संरचनात्मक असावे लागतात. ज्या सोनागाछीत त्रैलोक्यच्या काळी स्त्रीची बचत तिच्या अंगावर असे, त्याच वस्तीत १९९५ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी ‘उषा’ ही स्वतःची सहकारी संस्था नोंदविली. बचत अंगावरून खात्यात जाणे ही वरवर लहान वाटणारी गोष्ट सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठी आहे. महाराष्ट्रात सांगली येथे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने या स्त्रियांना एकत्र येऊन बोलण्याचे व्यासपीठ दिले. शेजारची स्त्री प्रतिस्पर्धी न राहता सहकारी होण्याची शक्यता अशा संघटनांतून निर्माण होते.

५) कलकत्त्यातील एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या १९९९ मधील खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आरोपीचे अपील फेटाळले, या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे असे स्पष्ट केले व त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न हाती घेतला. त्याच प्रकरणात मे २०२२ मध्ये पोलिसांनी त्यांना सन्मानाने वागवावे व त्यांच्या तक्रारींची दखल घ्यावी, असे निर्देश दिले. मानिकतल्याच्या तळ्यात बुडालेल्या पाच स्त्रियांसाठी तक्रार करणारे कोणी नव्हते. व्यवसायातील स्त्री पोलीस ठाण्यात निर्भयपणे तक्रार नोंदवू शकेल आणि ती तक्रार अन्य कोणत्याही नागरिकाच्या तक्रारीप्रमाणे तपासली जाईल, तेव्हाच या हिंसेला पोसणारी दंडमुक्ती संपुष्टात येईल.